बोली लावून कल्टी मारणाऱ्यांचं काय करायचं

मागच्या दिवाळीच्या आसपास मी जुन्या घड्याळांच्या ऑनलाइन ग्रुपवर एक एचएमटी पायलट घड्याळ लिलावाला टाकलं होतं. काळी डायल, ओरिजनल, चावीचं, सुरुवात ८०० पासून. रविवारी रात्री साडेनऊला बंद होणार होतं, नऊपर्यंत आरामात २,१०० वर गेलं आणि मग एक नवीन माणूस उगवला, डीपीमध्ये लाल बुलेट, आणि डायरेक्ट ५,५००! ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी, घरी बायको म्हणे चला म्हणजे मिक्सर आला. लिलाव संपला, मी मेसेज टाकला, निळ्या टिका आल्या, उत्तर काही येईना. सोमवारी "भाऊ सॅलरी झाली की करतो", बुधवारी मी ब्लॉक. आणि तोपर्यंत २,१०० वाल्याने चोरबाजारातून दुसरं उचललं होतं.

तर परळच्या वन रूम किचनमध्ये बसून जुनी घड्याळं विकताना जे काही शिकलोय ते लिहितो. माल वेगळा असला, नाणी, स्टॅम्प, पेनं, रेकॉर्ड, काहीही, तरी माणसं तीच असतात. आणि एक गोष्ट मला उशिरा कळली, की अशा माणसाचा बंदोबस्त लिलावाच्या आधी करायचा असतो, नंतर हातात फार काही राहत नाही. ससून डॉकला पहाटे मासळीचा लिलाव बघा, तिथे बोली लावून पळून जाणार कुठे, उद्या पहाटे परत त्याच धक्क्यावर त्याच लोकांसमोर उभं राहायचंय. ऑनलाइन माणसाला उद्या नवीन नावाने येता येतं, हा सगळा लोच्या तिथूनच सुरू होतो.

म्हणून पहिलं काम, नियम पोस्टमध्येच लिहा, फोटोच्या खाली, बोली सुरू व्हायच्या आधी. माझं साधारण असं असतं: "बोली किमान ५० ने वाढवा. शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली तर वेळ ५ मिनिटं वाढेल. एडिट केलेली बोली बाद. २४ तासांत पूर्ण पैसे, ते पण बोली लावणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून. ग्रुपवर नवीन असाल तर बोलीआधी मला मेसेज करा, नाहीतर बोली धरली जाणार नाही." एवढंच. लोक म्हणतात एवढे नियम टाकले की गिऱ्हाईक पळतं. पळू दे, जो २४ तासांत पैसे द्यायला घाबरतो तोच पळतो.

एडिटचं का लिहिलं ते सांगतो. फेसबुकवर कमेंट कधीही बदलता येते, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवल्यावर १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, आणि डिलीट फॉर एव्हरीवन तर आहेच. ३,५०० लिहिलेलं शेवटच्या मिनिटाला २,५०० होतं आणि वर तुम्हालाच म्हणतो मी तर पंचवीसशेच म्हटलं होतं. शेवटच्या दहा मिनिटांत मी दर दोन मिनिटांनी स्क्रीनशॉट मारतो, वेड्यासारखं दिसतं पण कामाला येतं.

आता नवीन माणूस आला तर काय बघायचं. प्रोफाइल कधीची आहे, ग्रुपवर आधी काही घेतलंय का, घेतलं असेल तर कोणाकडून. मी सरळ विचारतो, "दोन जणांची नावं सांगा ज्यांच्याकडून तुम्ही घेतलंत." खरा हौशी माणूस खुश होऊन चार नावं सांगतो, फोटो पाठवतो, अर्धा तास बोलतो, हा प्रॉब्लेम वेगळाच. लबाड माणूस चिडतो, "विश्वास नाही का?" नाही, अजून नाही. आणि नवीन माणूस म्हणजे चोर असंही नाही हां, मीही कधीतरी नवीनच होतो, एका काकांनी मला फोनवर दहा मिनिटं बोलून बोली लावू दिली होती. फोनवर बोला, आवाजावरून बरंच कळतं. बोलीत किती घाई आहे ते पण बघा. ज्याला घड्याळात रस आहे तो मशीनचा फोटो मागतो, डायल रिपेंट आहे का विचारतो, चावी घट्ट आहे का विचारतो. ज्याला फक्त "लास्ट प्राइस? अ‍ॅड्रेस भेजो" एवढंच हवंय तिथे सावध.

अनामत घ्यावी का हा नेहमीचा वाद. सरकारी ई-लिलावात बयाणा रक्कम भरल्याशिवाय आत घेत नाहीत, बरोबरच आहे. पण आपल्यासारख्या अनोळखी विक्रेत्याने आधी पैसे मागितले तर प्रामाणिक माणसालाच वाटतं की हा गंडवणार. मी छोट्या मालाला मागत नाही. ५,००० च्या वर जायची शक्यता असेल तर ५०० रुपये टोकन, हरलात तर त्याच रात्री परत, आणि परत केल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर. दोन-तीन वेळा असं झालं की लोकांना सवय लागते.

आता सगळ्यात बेरकी प्रकार, जो मला समजायला खूप वेळ लागला. दोन आयडी असतात, माणूस एकच किंवा दोघं मित्र. पहिला १,२०० लावतो. दुसरा लगेच ६,०००. बाकीचे सगळे गार पडतात, कोण जाणार सहा हजाराच्या वर. संपायच्या दोन मिनिटं आधी सहा हजारवाला म्हणतो "सॉरी चुकून आकडा चुकला, कॅन्सल", आणि माल बाराशेवाल्याच्या खिशात. नियमात मागे घेण्याबद्दल काहीच लिहिलं नसेल तर तुम्ही अडकलात, कारण आपल्याकडचा कायदा, १९३० चा माल विक्री कायदा, कलम ६४, असं म्हणतो की हातोडा पडेपर्यंत बोली लावणारा बोली मागे घेऊ शकतो. म्हणजे तो बेकायदा काहीच करत नाहीये! उपाय सोपा आहे, नियमात एक ओळ टाका: "सर्वात वरची बोली मागे घेतली तर लिलाव थांबेल, त्या माणसाशिवाय २४ तासांसाठी परत उघडेल, विक्रेता खालच्या बोलीला बांधील नाही." ही ओळ टाकल्यापासून माझ्याकडे हा झोल परत झालेला नाही. राखीव किंमत, म्हणजे त्याच्या खाली विकायचंच नाही, ती ठेवणं हाही मार्ग आहे, पण "रिझर्व्ह आहे" म्हटलं की निम्मे लोक येतच नाहीत, माझा तरी अनुभव असाच.

आणि एक सल्ला हमखास मिळतो, घरचाच कोणीतरी बसव बोली लावायला, भाव पण चढतो आणि फालतू माणूस पण कळतो. करू नका. त्याच कलमात लिहिलंय की आधी जाहीर न करता विक्रेत्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणं चालत नाही, घेणारा अशा विक्रीला फसवणूक धरू शकतो. मग तो कल्टीवाला आणि आपण यात फरक काय राहिला.

आता पैशाचं. इथे खरे चोर असतात, वरचे नुसते उनाड. "मी आर्मीत आहे, पोस्टिंग लांब आहे, माझा माणूस येऊन घेऊन जाईल" आणि सोबत आयकार्डाचा फोटो, हा जुना खेळ अजून चालतो. मग क्यूआर कोड येतो, "हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील". पैसे घ्यायला कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, हे आई-बाबांनाही सांगून ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, माणसामाणसातली कलेक्ट रिक्वेस्ट (समोरच्याकडे पैसे मागायची सोय) बंद केली आहे, पण क्यूआरची युक्ती चालूच आहे. पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, हुबेहूब तसा स्क्रीन दाखवणारी नकली अ‍ॅप आहेत. एसएमएसवर पण जाऊ नका. स्वतःच्या बँकेचं अ‍ॅप उघडा, बॅलन्स बघा, मगच डबी पॅक करा. "चुकून १,५०० च्या जागी १५,००० गेले, बाकीचे परत करा" असं म्हणाला तर आधी बघा खरंच आले का, आणि आले असले तरी स्वतःहून परत पाठवू नका, बँकेला कळवा, परत जायचे ते बँकेतूनच जाऊ दे.

का, ते ऐका. माझ्या ओळखीच्या एकाने एक पेन विकलं, पैसे खरे आले, पण बोली लावणारा एक आणि पैसे पाठवणारा दुसराच. "भावाच्या अकाउंटवरून केलंय" म्हणे. महिन्याभराने याच्या खात्यावर होल्ड. ते पैसे तिसऱ्याच कोणाला फसवून काढलेले होते, त्या बिचाऱ्याने तक्रार केली आणि साखळीत याचं खातं आलं. पेन चोराकडे, पैसे अडकलेले, आणि हा पोलीस स्टेशन आणि बँक अशा चकरा मारतोय. म्हणून नावं जुळली नाहीत तर पैसे आले तरी माल पाठवू नका, थांबा, विचारा, आणि सगळं चॅट, बोलीचे स्क्रीनशॉट, पावती जपून ठेवा. तुमचे स्वतःचे पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. लगेच म्हणजे त्याच तासात, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत.

मुंबईतलाच माणूस असेल तर मी भेटूनच देतो. दादरच्या पुलावर गर्दीत उभं राहून नाही, ते सुरुवातीला केलं, धक्के खात खात घड्याळ दाखवायचं म्हणजे. आता ओळखीच्या घड्याळजीच्या दुकानात बोलावतो. तिथे मागचं झाकण उघडून मशीन दाखवतो, १७ ज्वेल (आत बसवलेले बारीक खडे), साफ, घेणाऱ्याचं समाधान होतं, आणि नंतर "आतलं मशीन वेगळं निघालं" म्हणायला जागा राहत नाही. ज्याला वाईट करायचंय तो अशा जागी येतच नाही, लोकल लेट आहे, पाऊस आहे, मेगाब्लॉक आहे, काहीतरी निघतंच.

पोस्टाने पाठवताना अदलाबदलीची भीती. चांगलं घ्यायचं, आपलं खराब मशीन त्यात घालून परत पाठवायचं आणि म्हणायचं डिफेक्टिव्ह आहे. जुन्या घड्याळांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्ती करणाऱ्यांनी सुईने बारीक खुणा कोरलेल्या असतात, त्याचा फोटो काढून ठेवा, त्या खुणा दुसऱ्या घड्याळाच्या जुळूच शकत नाहीत. झाकणावरचा नंबर, मशीनचा फोटो, आणि पॅकिंगचा एक सलग व्हिडिओ, मध्ये कट नको. स्पीड पोस्टच्या पावतीवर वजन छापून येतं, ती फेकू नका, "रिकामा डबा आला" म्हणणाऱ्याला तीच दाखवायची.

परदेशात विकत असाल तर थोडं वेगळं. ईबे या परदेशी लिलावाच्या साइटचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं, पण इथून बाहेर विकता येतं. तिथे सेटिंगमध्ये जाऊन जिथे पाठवत नाही तिथले आणि पैसे बुडवल्याची नोंद असलेले खरेदीदार आधीच अडवता येतात, एकेकाला ब्लॉक लिस्टमध्ये टाकता येतं, चालू लिलावात त्याची बोलीही रद्द करता येते. पैसे नाही आले तर ४ दिवस थांबायचं, मग न भरल्याचं कारण देऊन ऑर्डर रद्द, म्हणजे त्याच्या खात्यावर नोंद लागते. वाईट फीडबॅक मात्र देता येत नाही, विक्रेत्यांचा तो हक्क २००८ मध्येच गेला. नंतर दुसऱ्या नंबरच्याला सेकंड चान्स ऑफर पाठवा, पण त्याच्याच बोलीच्या किमतीला, आणि आधी बघा की तो पहिल्याचाच भाऊ नाही ना.

बाहेरच्या बोलीदाराचे दोन हट्ट अजिबात मानायचे नाहीत. एक, कस्टमसाठी गिफ्ट लिहा आणि किंमत कमी दाखवा. खोटं डिक्लरेशन तुमच्या सहीने जातं, आणि पार्सल हरवलं तर फार तर दाखवली तेवढीच किंमत मिळणार. दुसरं, नाणीवाल्यांसाठी, शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूत येतात, १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाला ती बाहेर पाठवता येत नाहीत, तो कितीही डॉलर देवो.

आणि हो, परदेशात आपणच धोकादायक पार्टी आहोत बरं का. रंगवलेल्या डायलची, जोडतोड केलेली घड्याळं इथून इतकी गेली की तिकडचे शौकीन त्याला "मुंबई स्पेशल" म्हणतात, ऐकून वाईट वाटतं पण खोटं नाही. डायल रिपेंट असेल तर पहिल्या ओळीत लिहा. भाव थोडा उतरतो, पण "वर्णनाप्रमाणे नाही" म्हणून परत करणाऱ्याच्या हातातलं हत्यार जातं.

आता एवढं करूनही कोणी बुडवलं तर? मी एकच मेसेज पाठवतो, "तुमची बोली अमुक, वेळ अमुक, उद्या रात्री ९ पर्यंत पैसे आले नाहीत तर माल परत लिलावाला जाईल आणि अ‍ॅडमिनला कळवेन." शिव्या नाहीत, दुसरा मेसेज नाही. आजारपण, घरात काही झालं असेल तर माणूस सांगतो, मग मी आठवडाभरही थांबलोय. नाहीतर अ‍ॅडमिनला स्क्रीनशॉट द्यायचे आणि विषय सोडायचा. त्याचा फोन नंबर, पत्ता ग्रुपवर टाकून बदनामी करायला जाऊ नका, उलटी तक्रार तुमच्यावर येईल.

ते पायलट मी दोन आठवड्यांनी परत टाकलं, नाशिकच्या एका मास्तरांनी १,९५० ला घेतलं, पैसे अकरा मिनिटांत. आणि मागच्या महिन्यात एका एचएमटी जनता घड्याळाच्या लिलावात नवीन नावाचा एक माणूस आला, ७०० वरून डायरेक्ट ४,०००. डीपीमध्ये तीच लाल बुलेट. मी म्हटलं, आधी मेसेज करा, कोणाकोणाकडून घेतलंत ते सांगा. अजून टाइप करतोय.