महाधमनीच्या तातडीच्या सीटी अँजिओग्राफीसाठी रुग्ण पाठवताना करावयाची तयारी

'छातीत फाटल्यावाणी झालं अन् कळ पाठीत गेली' असे सांगणारा रुग्ण उदगीर किंवा किनवटहून लातूर-नांदेडला रवाना करण्यापूर्वी दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजून चिठ्ठीवर वेगवेगळा लिहावा, कारण वरच्या आकड्यात पाऱ्याच्या २० मिमीहून अधिक तफावत असल्यास महाधमनीचे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीचे, अस्तर फाटल्याचा, म्हणजेच डिसेक्शनचा, संशय बळावतो. ईसीजी अवश्य काढावा. मात्र तो हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसला तरी दुखण्याची तऱ्हा वेगळी वाटत असल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची घाई करू नये, कारण फाट उजव्या हृदयधमनीच्या मुखापर्यंत गेल्यासही ईसीजी तसाच येतो.

कारणांची विचारपूस थोडक्यात, पण नेमकी करावी. उच्च रक्तदाब हे सर्वांत मोठे कारण असल्याने पेरणीच्या धांदलीत गोळ्या सुटल्या होत्या का, हे नातेवाइकांना विचारावे. रुग्ण तरुण असेल तर उंच-सडपातळ बांधा व लांब बोटे, म्हणजे मार्फान सिंड्रोम या संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकाराच्या खुणा, महाधमनीच्या मुखाशी तीनऐवजी जन्मजात दोन पाकळ्यांची झडप, घरातील कोणाचा अचानक मृत्यू आणि स्त्री असल्यास गर्भारपण, यांची नोंद करावी. अपघातात मार बसलेल्या रुग्णाची महाधमनी बहुधा डाव्या हाताची धमनी निघते तिथून किंचित पुढे फाटते.

छातीचा एक्स-रे निर्दोष आला म्हणून निर्धास्त होऊ नये. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागणीपत्रावर नुसते 'सीटी छाती' न लिहिता 'महाधमनीच्या डिसेक्शनचा संशय' असे स्पष्ट लिहावे, कारण तपासणीची सारी पद्धत या एका ओळीवर ठरते. संशय माहीत असल्यास तंत्रज्ञ आधी कॉन्ट्रास्टविना, म्हणजे धमन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात त्या औषधाविना, चित्रे घेतो, ज्यांत भिंतीत साकळलेले रक्त चंद्रकोरीसारखे पांढुरके दिसते आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर तेच सहज नजरेतून सुटते. नंतर तो मानेच्या तळापासून जांघेपर्यंत धमनी टिपतो आणि शक्य असल्यास चित्रे ईसीजीशी जुळवून घेतो, अन्यथा हृदयालगतचा भाग हलल्यामुळे फाट नसतानाही भासते. यासाठी उजव्या कोपराच्या शिरेत हिरवी, १८ गेजची, सुई घालावी. निळी सुई सेकंदाला ४-५ मिली वेग सोसत नाही आणि डाव्या हाताने दिलेल्या दाट औषधाच्या रेघा नेमक्या महाधमनीच्या कमानीवर उमटतात.

मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिन चाचणीसाठी रक्त घ्यावे, पण जीव धोक्यात असताना अहवालासाठी थांबू नये. कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असल्यास किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असल्यास तेवढे कळवावे. वाटेत वेदना शमवावी आणि वरचा रक्तदाब १०० ते १२०, नाडी साठच्या आत राखावी. त्यासाठी नाडी मंदावणारे बीटा ब्लॉकर औषध आधी द्यावे, कारण नुसता रक्तदाब उतरवला तर नाडी उसळते आणि फाट वाढू शकते.

हृदयशस्त्रक्रियेची सोय नसलेल्या ठिकाणी तपासणी झाली, तर टंकलिखित अहवालाची वाट न पाहता सीडी रुग्णासोबत द्यावी आणि फाट हृदयातून वर निघणाऱ्या भागात आहे की फक्त उतरत्या भागात, हे पुढच्या डॉक्टरांना फोनवर सांगावे, कारण पहिल्या प्रकारात तातडीची शस्त्रक्रिया लागते, तर दुसऱ्यात गुंतागुंत नसेल तर बहुधा औषधांवर भागते.