ज्वारीचं वाण ठरवण्याआधी वहीतल्या ठिपक्यांवर रेघ ओढून बघा

उत्तरा नक्षत्र लागलं की सोलापूर जिल्ह्यात जिरायत ज्वारीच्या पेरणीची गडबड सुरू होते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा शिफारशीचा काळ. वाणांची शिफारस जमिनीच्या खोलीवर असते: ३० सेंमीपर्यंतच्या हलक्या रानाला फुले अनुराधा, ६० सेंमीपर्यंतच्या मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, त्याहून खोल काळीला फुले वसुधा, फुले यशोदा. पण तुमच्या शिवारात खोली वाढली की उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, नेमका किती वाढतो, हे कुठल्याच घडीपत्रिकेत छापलेलं नसतं. ते तुमच्या शेतकरी गटाच्या वह्यांत आहे. पाऊस उघडून वाफसा यायची वाट बघत असाल, तर तेवढ्या वेळात ते काढून घ्या.

गटातल्या दहा-पंधरा जिरायत रानांची गेल्या हंगामाची नोंद गोळा करा. प्रत्येक रानाचे आकडे दोनच: मुरूम लागेपर्यंतची खोली आणि एकरी उतारा. खोली अंदाजाने सांगू नका, पहारीने दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन मोजा. उतारा पोत्यांत नको, क्विंटलमध्ये हवा. पोतं कुणाचं ऐंशी किलोचं, कुणाचं शंभरचं. तीस गुंठ्यांचं रान असेल तर हिशेब चाळीस गुंठ्यांवर आणा. मग आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर खोली, उभ्या अक्षावर उतारा घ्या आणि एका रानाला एक ठिपका द्या. हाच स्कॅटर आलेख. ठिपके एकमेकांना जोडायचे नाहीत. ती सवय शाळेतली, इथे कामाची नाही.

हिशेब कळावा म्हणून पाच रानं समजा. खोली ३०, ४५, ६०, ७५ आणि ९० सेंमी. उतारा अनुक्रमे २.५, ४, ४.५, ६.५ आणि ७.५ क्विंटल. खोलीची सरासरी ६० आणि उताऱ्याची ५. हा सरासरीचा ठिपका फुलीने दाखवा, कारण नेमक्या गणिताने काढलेली रेषा त्यातूनच जाते. आता फुलीवर काळा दोरा ताणून धरा आणि कमीजास्त फिरवा. दोऱ्याच्या वरचे आणि खालचे ठिपके साधारण सारख्याच अंतराने राहिले की रेघ ओढा. पहिला आणि शेवटचा ठिपका जोडून मोकळं होऊ नका, एखाद्या हंगामात ती दोन रानंच वेगळी निघालेली असतात. मोबाईलवरच्या शीटमध्ये ट्रेंडलाइन निवडली तर हेच काम यंत्र करतं: प्रत्येक ठिपक्यापासून रेषेपर्यंतचं उभं अंतर घेऊन, त्यांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल अशी रेषा काढतं.

या उदाहरणात रेषेचा चढ दर १५ सेंमीला सव्वा क्विंटल येतो. ६० सेंमीला रेषा ५ क्विंटल सांगते, प्रत्यक्षात ४.५ आले. हा अर्धा क्विंटल माझ्या मते रेषेइतकाच मोलाचा. खोली तीच असून हे रान खाली का? तण राहिलं, पेर उशिरा झाली, की बांधबंदिस्ती फुटून पाणी वाहून गेलं? रेषेच्या बरंच वर असलेल्या रानाच्या धन्याला चहाला बोलावून विचारा. शिकण्यासारखं त्याच्याकडे असतं.

शीट आर-वर्ग नावाचा आकडाही देते, शून्य ते एकच्या मधला. एकाजवळ म्हणजे ठिपके रेषेला चिकटून, शून्याजवळ म्हणजे रेषेवर भरवसा नको. वरच्या उदाहरणात तो ०.९८ येतो, कारण आकडे मी सोयीने घेतलेत. खऱ्या ज्वारीच्या रानांतून कुणी ०.९८ आणून दाखवला, तर आधी त्याची वही तपासा.

रेषा पुढे ओढण्याचा मोह आवरा. हीच रेघ १५० सेंमीपर्यंत नेली तर साडेबारा क्विंटल दिसतील, पण तुमचा एकही ठिपका ९० च्या पुढे नाही. आपल्या अवर्षणप्रवण पट्ट्यात एका टप्प्यानंतर जमिनीची ओल धरायची ताकद शिल्लक राहते आणि पाऊसच कमी पडतो. तिथे खोली वाढून उतारा वाढत नाही, चढ सपाट होतो.

विहिरीचं एखादं पाणी दिलेली रानं वेगळ्या रंगात मांडा. खोल काळी आणि विहीर बऱ्याचदा एकाच खातेदाराकडे असतात. दोन्ही एका रंगात घातलीत तर पाण्याचं श्रेय खोलीच्या नावावर चढतं. दोन गोष्टी जोडीने वाढल्या, एवढंच रेषा दाखवते. कशामुळे वाढल्या, ते रानात जाऊनच बघावं लागतं.

पेरणीच्या तारखेला मात्र सरळ रेघ लावूच नका. सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरलं तर खोडमाशी जास्त लागते, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेलं तर ओल कमी पडते. मधल्या पेरणीचे ठिपके वर, दोन्ही टोकांचे खाली, असा उंचवटा तयार होतो. त्यावर बळजबरीने सरळ रेषा बसवली तर ती जवळपास आडवी येते आणि तारखेने काही फरक पडत नाही असा भलताच निष्कर्ष निघतो. म्हणून आधी ठिपक्यांचा आकार डोळ्यांनी बघायचा, रेघ त्यानंतर.

पावसाचा आलेख काढणाऱ्यांनी वर्षभराची बेरीज घेऊ नये. रब्बी ज्वारीला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमिनीत मुरलेलं पाणी पोसतं. जूनमध्ये वाहून गेलेलं नाही. या दोन महिन्यांचा आपल्या महसूल मंडळाचा पाऊस घ्या. गावात कुणी पर्जन्यमापक ठेवला असेल तर तो अधिक चांगला, कारण सांगोला आणि बार्शी राहू द्या, एकाच मंडळातल्या दोन गावांतही सर सारखी पडत नाही.

यंदा पेरताना बियाण्याला काणी या बुरशीरोगासाठी ३०० मेश (बारीक भुकटीचं) गंधक किलोला ४ ग्रॅम चोळाल, त्याच दिवशी वहीत रानाची खोली, वाण, पेरणीची तारीख आणि ओल कितपत होती ते लिहा. काढणीला धान्याबरोबर कडब्याच्या पेंढ्याही मोजा. कडब्याचा आलेख वेगळा काढायचा. जनावरं असलेल्या घरात वाणाचा निर्णय पुष्कळदा त्यावरच होतो, आणि धान्यात रेषेच्या खाली राहिलेली मालदांडी तिथे वर निघू शकते.