गोदावरीत फिनॉल विरतं किती, विघटतं किती?

नदीच्या खालच्या अंगाला घेतलेल्या नमुन्यात फिनॉल (सांडपाण्यातलं एक विषारी रसायन) कमी दिसलं की ते जिवाणूंनी खाल्लं, असं धरायची घाई होते. बऱ्याचदा ते नुसतं पातळ झालेलं असतं. म्हणून नदीतलं फिनॉल किती उरेल याचं गणिती मॉडेल करताना दोन्ही हिशेब वेगळे ठेवा.

नाशिकला टाकळीजवळ नासर्डी नदी गोदावरीला मिळते. त्या संगमावर नासर्डीत ०.५ घनमीटर प्रतिसेकंद पाणी आणि लिटरला २ मिग्रॅ फिनॉल, गोदावरीत २ घनमीटर आणि ०.१ मिग्रॅ, असं समजा (आकडे उदाहरणापुरते). मिश्रणात (०.५×२ + २×०.१) ÷ २.५ = ०.४८ मिग्रॅ. मात्र संगमाखाली दोन्ही पाणी बरंच अंतर आपापल्या काठाने वाहतं. पात्रात आडव्या रेषेत तीन जागी चालकता (पाण्यातून वीज किती वाहते, म्हणजे क्षार किती) मोजा. तिन्ही आकडे जुळतील तिथून मॉडेल सुरू करा.

वेगासाठी पाण्यावर संत्रं सोडा, वेळ लावा आणि आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा, कारण पृष्ठभागाचं पाणी सरासरीपेक्षा वेगाने वाहतं. पाणवेलीत अडकलेली फेरी बाद.

आता विघटनाचा दर, म्हणजे ‘क’. नदीच्या पाण्याच्या तीन बाटल्या जिवंत, म्हणजे जिवाणूंसकट ठेवा. तीन बाटल्यांतलं पाणी १२१ अंशांवर २० मिनिटं निर्जंतुक करा. गार झाल्यावर सहाही बाटल्यांत सारखंच फिनॉल घालून २० अंशांवर अंधारात ठेवा. १ मिग्रॅ फिनॉल सुमारे २.४ मिग्रॅ प्राणवायू खातं, तेव्हा बाटलीत हवेला जागा हवी. ०, १, २, ४, ७ व्या दिवशी नमुना काढा. नमुना टिकवायला सल्फ्युरिक आम्ल घालतात, पण ते काढलेल्या नमुन्यात. चुकून बाटलीत पडलं तर जिवाणूच मरतील.

संहतीचा (लिटरमागे फिनॉल किती, त्याचा) नैसर्गिक लॉगरिदम दिवसांसमोर मांडा. जिवंत बाटल्यांच्या उतारातून निर्जंतुक बाटल्यांचा उतार वजा केला की ‘क’ मिळतो (उणे चिन्ह सोडून). सुरुवातीचे सपाट दिवस जिवाणू जुळवून घेत असल्याचे. ते रेषेत ओढलेत तर ‘क’ खोटा कमी येतो.

‘क’ ०.५ प्रतिदिन आला आणि नदी २८ अंशांवर असेल, तर बाटल्यांच्या २० अंशांपेक्षा ८ अंश जास्त, म्हणून ०.५ × १.०४७^८ = ०.७२. हा १.०४७ मुळात बीओडीचा (सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचा), फिनॉलला ढोबळच. १२ किमी अंतर, वेग ०.३ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे प्रवास ०.४६ दिवस. ई^(−०.७२×०.४६) = ०.७२, ०.४८ चे उरले ०.३५. नासर्डीतल्या २ वरून ०.४८ वर आणलं ते निव्वळ मिसळण्याने!

पडताळणीला क्लोराइडही मोजा. ते विघटत नाही, त्यामुळे वाटेत आणखी पाणी मिळालं का ते कळतं. तरीही प्रत्यक्ष घट जास्त आली, तर तळाच्या दगडांवरचा जिवाणूंचा थर आठवा, तो बाटलीत नव्हता. वरच्या गंगापूर धरणातून आवर्तन (ठरावीक पाण्याची सोडत) सुटलं असेल तो दिवस मात्र वगळा: हे सगळं गणित स्थिर प्रवाहाचं आहे.