ट्रकचं हेड रिपेअर होऊन आलं, आता इंजिन घरीच कसं जोडायचं

हेड, म्हणजे सिलेंडरच्या वर बसणारा इंजिनचा भाग, मशीन शॉपमधून आलं की हात शिवशिवतात, कधी एकदा बसवतो असं होतं. पण बोल्ट आवळायचं काम तासाभराचं असतं, खरा वेळ त्याच्या आधीच्या साफसफाईत जातो आणि गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील) परत उडते ती बहुतेक वेळा तिथंच आळस केला म्हणून. त्यामुळे आधी इंजिनचं मॅन्युअल मिळवा, टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे प्रत्येक इंजिनचे वेगळे असतात, "माझ्या हाताला कळतं किती आवळायचं" म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

आधी हेड बघा. फेस मारून, म्हणजे खालची बाजू मशीनवर सपाट करून आलं असेल तर धातूचा बारीक चुरा पाण्याच्या आणि ऑइलच्या भोकांत राहतो, डिझेलने धुवा, हवा मारा, परत धुवा. मग सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून खालून फिलर गेज (ठराविक जाडीची पातळ पाती) घालून बघा, नव्याने फेस मारलेल्या हेडखाली ०.०५ मिमीचं पातं सहज जात असेल तर जोडायच्या आधी मशीन शॉपवाल्यांनाच विचारा. फेस मारताना मटेरियल निघालं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि नोझलचं (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं) टोकही जास्त बाहेर डोकावतं, म्हणून ही दोन्ही मापं मॅन्युअलशी ताडून घ्या. आणि नोझल बसवलेलं हेड कधीच फेस खाली करून जमिनीवर ठेवू नका, टोकं गेलीच म्हणून समजा.

आता ब्लॉक. जुनी गॅस्केट प्लास्टिकच्या किंवा बोथट स्क्रॅपरने काढा. ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून ब्लॉक चकाचक करायचा मोह होतो, करू नका, त्यातली बारीक धूळ ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंग खाऊन टाकते. सिलेंडरमध्ये आणि पाण्याच्या भोकांत कापड कोंबून ठेवा, ते मोजून ठेवा आणि काढतानाही मोजा. वेट लायनरचं (सिलेंडरची नळी वेगळी बसवलेली आणि बाहेरून पाणी लागणारी) इंजिन असेल तर हेड नसताना क्रँक उगाच फिरवायचा नाही, लायनर पिस्टनबरोबर वर उचलला जातो आणि खालची ओ-रिंग कापते, फिरवायचाच असेल तर आधी वॉशर आणि बोल्ट लावून लायनर दाबून धरा. लायनर ब्लॉकच्या वर किती आलाय तेही डायल गेजने बघा, एक जरी खाली बसलेला असला तर नवी गॅस्केट टिकत नाही.

बोल्टची भोकं ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा कूलंट साचलेलं असेल आणि वरून बोल्ट आवळला तर ते दबायला जागाच नसते, टॉर्क पाना क्लिक करतो पण हेड दबलेलंच नसतं, आणि नशीब फुटकं असेल तर ब्लॉकला तडा जातो. म्हणून प्रत्येक भोकात हवा मारून कोरडं करा, डोळ्यावर चष्मा लावून. अँगलने, म्हणजे टॉर्क दिल्यावर आणखी ठराविक अंश फिरवून आवळायचे बोल्ट ताणले जातात, ते नवेच घ्या.

गॅस्केट घेताना जाडी बघा, बऱ्याच डिझेल इंजिनांना पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्याप्रमाणे वेगवेगळ्या जाडीच्या येतात आणि कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून ती ओळखायची. टॉप लिहिलेली बाजू वर, डावेल (जागा धरून ठेवणाऱ्या पिना) जागेवर, आणि मॅन्युअल सांगत नाही तोवर ग्रीस, सीलंट काही लावायचं नाही. ट्रकचं हेड जड असतं, चेन ब्लॉक लावा, आणि जुन्या दोन बोल्टची डोकी कापून त्यांच्या गाईड पिना करून कोपऱ्यात लावा, हेड सरळ खाली उतरतं, गॅस्केटवर घसरत नाही.

बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली मॅन्युअलमध्ये सांगितलंय ते ऑइल लावून सगळे हाताने लागू करा, मग मधून बाहेर, मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. अँगलचा टप्पा आला की प्रत्येक डोक्यावर पेंटची खूण करा, नाहीतर कुठला झाला कुठला राहिला तेच कळत नाही.

पुश रॉड ज्याच्या त्याच जागी. रॉकर बसवायच्या आधी टॅपेटचे (व्हॉल्व्हची गॅप सेट करायचे) स्क्रू सैल सोडा, नाहीतर रॉड वाकतो. कॅम हेडमध्ये असेल तर टायमिंगच्या खुणा आधी जुळवा. मग सेल्फ (स्टार्टर) न मारता पाना लावून हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठं अडलं तर जोर न लावता थांबा. टॅपेट थंड इंजिनवर सेट करायचे, एक्झॉस्टची गॅप साधारणपणे इनलेटपेक्षा जास्त असते. सहा सिलेंडर, १-५-३-६-२-४ फायरिंग असेल तर सोपं आहे, सहाचे दोन्ही व्हॉल्व्ह अदलाबदलीत (एक मिटत, दुसरा उघडत) हलताना दिसले की एक नंबर सेट करायचा, मग क्रँक १२० अंश फिरवून पाच (तेव्हा दोन हलत असतो), असं पुढं.

नोझलला नवे तांब्याचे वॉशर लावा, आणि जुना वॉशर भोकात चिकटून राहिलाय का ते टॉर्च मारून बघा. मॅनिफोल्ड, पाइप, वायरिंग यात विशेष काही नाही, काढताना फोटो काढले असतील तर. टर्बोच्या ऑइल पाइपच्या भोकात थोडं ऑइल ओता.

ऑइल आणि फिल्टर नवं, आधी पाणी ऑइलमध्ये गेलेलं असेल तर चेंबरपण (खालची ऑइलची टाकी) उघडून धुवा. कूलंट हळूहळू भरा, हीटर उघडा ठेवून, एअर काढा. डिझेलची एअर प्रायमरने काढायची, पण कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच हाय प्रेशर पाइपमधून डिझेल देणारी सिस्टीम) असेल तर चालू इंजिनवर पाइपचा नट सैल करायचा विचारही नको, प्रेशर १००० बारच्या वरही जातं, डिझेल कातडीतून आत घुसतं. पहिल्यांदा डिझेल बंद ठेवून थोडा थोडा सेल्फ मारा, ऑइल प्रेशर दाखवलं की मगच स्टार्ट.

सुरुवातीला थोडा पांढरा धूर येणारच. पण रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले किंवा धुराला कूलंटचा गोड वास येत राहिला तर लगेच बंद करा आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. सगळं ठीक असेल तर रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पाण्याची लेव्हल बघा. काही जुन्या इंजिनांना थोडं चालवल्यावर हेड परत आवळावं लागतं, मग टॅपेटही परत बघावे लागतात, पण अँगलवाल्या बोल्टना मॅन्युअल सांगत नसेल तर परत हात लावायचा नाही.