‘कर’ काढल्यावर कुठलं गाव उरतं? गोव्यातल्या आडनावाचं मूळ शोधताना

आडनावातला ‘कर’ काढला की गाव उरतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोंधळ त्यापुढे होतो. बोरीत राहणाऱ्याला बोरीतले लोक बोरकर म्हणत नाहीत, कारण तिथे सगळेच बोरीचे. माणूस दुसऱ्या गावी जाऊन राहिला की तिथले लोक त्याला बोरकर म्हणू लागतात. म्हणजे असं आडनाव सांगतं ते घराण्याने कुठलं गाव सोडलं, एवढंच. ते मूळ गाव असेल किंवा मधला एखादा मुक्कामही असेल.

याचा व्यवहारात अर्थ असा की बोरीला जाऊन ‘इथे बोरकर कोण आहेत’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. तिथे राहिलेले भाऊबंद कामत, नाईक, प्रभू किंवा शेणवी अशा मूळ उपनामानेच ओळखले जात असण्याची शक्यता जास्त. म्हणून ‘कर’च्या आधी घराण्याचं उपनाम काय होतं, हे प्रथम शोधायचं.

ते बहुतेक वेळा घरातच सापडतं. पोर्तुगीज काळातल्या कागदांवर आडनावं जोडीने येतात: पै रायकर, प्रभू चोडणेकर, शेणवी उसगावकर. नंतर शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदावर त्यातलं एक गळलं. एकाच आजोबांच्या एका नातवाने पै ठेवलं, दुसऱ्याने रायकर, आणि दोन पिढ्यांत त्यांची चुलत नाती पुसट झाली. मंगळूर-केरळकडे गेलेल्यांनी बहुधा कामत, पै, शेणॉय हे उपनाम ठेवलं आणि मुंबई-बेळगावकडे गेलेल्यांनी गाव ठेवलं. त्यामुळे दक्षिणेतले नातेवाईक शोधताना ‘कर’वर अडून बसू नये.

कागदाला हात लावण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बायकांशी बोलावं. पुरुषांना जमिनीचे वाद आठवतात. आत्या, काकी आणि आजीला कुठल्या घरातून कोण आली, सुतक कुणाचं पाळलं जातं आणि कुळदेवाला नारळ कुठे जातो, हे पाठ असतं. ज्यांचं सुतक लागतं ते भाऊबंद, मग आडनाव काहीही असो. निदान तीन पिढ्यांची नावं, घराचं नाव, वाड्याचं नाव, कुळदेव आणि गोत्र एका कागदावर उतरवून घ्या. जे ऐकलं ते आणि जे कागदावर पाहिलं ते वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. ही शिस्त सुरुवातीला नसेल, तर वर्षभराने तुमच्याच वहीवर तुमचा विश्वास राहत नाही.

आता गाव. एकाच नावाची गावं ही इथली खरी अडचण. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. केरकर नेमके कुठले, हे नुसत्या आडनावावरून सांगता येत नाही. शिरोडा फोंडा तालुक्यात आहे आणि वेंगुर्ल्यातही आहे, त्यामुळे शिरोडकरांचं मूळ गोव्यातच धरून चालणं चूक. बांदेकरांचा बांदा तर हद्दीपलीकडे सिंधुदुर्गात आहे. शिवाय ‘कर’ लागताना गावाचं रूप बदलतं: बोरीचा बोरकर, बांदोड्याचा बांदोडकर, कुडचड्याचा कुडचडकर. उलट दिशेने जाताना शेवटचा स्वर ए, ई, आ असा बदलून बाराही तालुक्यांच्या यादीत पाहावं.

या तीन केरींमधून एक निवडायची तर कुळदेवाची मदत होते, पण इथेही एक पेच आहे. देवळं स्वतःच हलली आहेत. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केल्यावर कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. ही तिन्ही ठिकाणं फोंड्यात, आणि फोंडा तेव्हा आदिलशाहीत, म्हणजे पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होता. म्हणून आजच्या देवळाचं गाव लिहून थांबू नका. देव पूर्वी कुठे होता तेही लिहा. म्हाळसा कुळदेवी असलेल्या वेर्णेकरांच्या बाबतीत आडनाव आणि देव एकाच गावाकडे बोट दाखवतात, तो धागा भक्कम. आडनावाचं गाव एक आणि देवाचं मूळ गाव दुसरं निघालं, तर घराणं निदान दोनदा हललं असावं असं समजून दोन्हीकडे शोधावं लागतं.

देवळात महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार घराण्यांतल्या माणसांची, यादी असते. 1933 च्या महाजनीच्या कायद्यामुळे देवस्थानांना ती ठेवावी लागते, आणि मामलेदार हाच देवस्थानांचा प्रशासक असल्याने वाट त्याच्या कचेरीतूनही आहे. यादीत आपलं आडनाव दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. वांगड (घराण्याची शाखा) कुठला, बापाचं आणि आजोबाचं नाव काय, हे जुळलं तरच ती नोंद आपली. गावकरीचे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या मूळ घराण्यांच्या संस्थेचे, कागदही तितकेच कामाचे. पोर्तुगिजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं. कोमुनिदादींच्या प्रशासकांच्या कचेऱ्या म्हापसा, पणजी आणि मडगाव इथे आहेत. गावकारांच्या नोंदी वांगडवार असतात आणि हक्क बापाकडून मुलाकडे जातो, त्यामुळे एका वांगडाची यादी म्हणजे जवळजवळ तयार वंशावळच.

जन्म-लग्नाच्या नोंदींसाठी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जावं लागतं. अर्ज करताना नुसता दाखला मागू नका, ‘तेओर’ मागा. साध्या दाखल्यात नाव, तारीख आणि आई-बाप असतात. तेओर ही मूळ नोंदीची शब्दशः नक्कल, त्यात आजी-आजोबांची नावं आणि समासातले नंतरचे शेरे येतात. या पोर्तुगीज नोंदींत ‘नातुराल’ म्हणजे जन्माने कुठला आणि ‘मोरादोर’ म्हणजे राहणारा कुठला. हे दोन शब्द वेगळे वाचले नाहीत तर राहतं गाव मूळ गाव म्हणून वहीत जातं. ‘आव्हॉश पातेर्नुश’ म्हणजे बापाचे आई-बाप. जन्माची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत कधी कधी बरंच अंतर असतं, म्हणून नोंद सापडली नाही तर पुढची काही वर्षंही चाळावीत. पोर्तुगीज पद्धतीच्या अनुक्रमणिका बहुधा पाळण्यातल्या नावावरून लावलेल्या असतात, आडनावावरून नाही. हे ठाऊक नसल्याने लोक ‘नोंदच नाही’ म्हणून परततात.

त्या अनुक्रमणिकेत नाव ओळखण्यासाठी लिहिणाऱ्याच्या कानाने ऐकावं लागतं. ‘श’साठी पोर्तुगीजमध्ये नोंद करणारे एक्स लिहितात, म्हणून शेट हे नाव एक्सखाली. ‘क’ हा सी किंवा क्यू-यू होतो, म्हणून केणी हे क्यूखाली आणि काकोडकर हे सीखाली. कामतचं कामोतीं होतं, पैचं पोय, शेणवीचं सिनाय, ढेंपेचं डेंपो, प्रभूचं पोरोब. पहिल्या नावाच्या शेवटी बहुधा आ येतो: गणेशचा गणेशा, नारायणचा नारायणा, पुरुषोत्तमचा पोर्शोतोमा. सरळ के आणि एसखाली शोधणारा इथेच हरतो. शोधायला बसण्याआधी आपल्या घराण्यातल्या प्रत्येक नावाची तीन-चार स्पेलिंगं लिहून नेली तर निम्मं काम होतं.

त्याहून जुनं काही हवं असेल तर पणजीचं पुराभिलेखागार. 1595 साली सुरू झालेल्या या संग्रहाचा पहिला रक्षक इतिहासकार दियोगु दु कोतु. इथे भाषेपेक्षा अक्षर जास्त छळतं. सतराव्या शतकातलं वळणदार पोर्तुगीज अक्षर पोर्तुगीज येणाऱ्यालाही सहज लागत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेले, म्हणून तिथल्या घराण्यांच्या जुन्या कागदांत मोडीची गाठ पडते. मोडी वाचणारा माणूस आधी गाठावा, मग कागद. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतही यात्रेला गेलेल्यांची नावं पिढ्यांसह असतात. तिथे गाव विचारतात तेव्हा आजचं आणि सोडलेलं, अशी दोन्ही गावं सांगावीत.

देसाई, सरदेसाई, कुलकर्णी ही हुद्द्याची आडनावं. ती वतनासोबत येतात, म्हणून तिथे वतनाचा आणि जमिनीचा कागद शोधायचा. नाईक हे तर इतक्या वेगवेगळ्या समाजांत आहे की त्यावरून नातं काढूच नये. धंद्यावरून आलेल्या आडनावाचा एक चांगला नमुना मंगेशीत आहे: देवावर अभिषेक करणारं घराणं ते अभिषेकी. त्याच पुजारी घराण्यातले मास्टर दीनानाथ गावावरून मंगेशकर झाले, म्हणजे एकाच घरात आडनावाच्या दोन तऱ्हा.

ख्रिस्ती घराण्यांचं गणित वेगळं. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळे, त्यामुळे एकाच गावातले दोन फर्नांडिस एकमेकांचे कुणीच नसू शकतात, आणि धर्मांतरापूर्वीच्या एकाच घरातले भाऊ सोझा आणि परेरा होऊ शकतात. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्स म्हणजे रॉद्रिगोचा. इंग्रजी जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा, तसंच. या अर्थाचा तुमच्या घराण्याच्या मुळाशी काही संबंध नाही, तो पोर्तुगालातल्या कुणाच्या तरी बापाचा. इथे आडनाव बाजूला ठेवून चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या, गावकरीतला वांगड आणि घराचं नाव यांच्या आधाराने मागे जायचं. पैसे घेऊन ‘घराण्याचं राजचिन्ह’ पाठवणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवावं. इंग्लंडातही चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिलं जातं, आडनावाला नाही.

शेवटचा अडथळा अगदी अलीकडचा असू शकतो. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. धागा अचानक तुटला असेल तर आजोबांपर्यंत जाण्याआधी वडिलांच्या आणि काकांच्या जन्मनोंदीच्या समासातले शेरे वाचावेत. जुनं आडनाव तिथे लिहिलेलं असू शकतं.