कोंडा झालाय? आधी तेल थांबवा

डोक्यात कोंडा दिसला की घरात तेलाची बाटली निघतेच. टाळू कोरडी पडली म्हणून कोंडा झाला, असा आपला समज. खरं कारण बहुतेक वेळा उलट असतं. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच टाळूवर असते. तेलकटपणावर ती फोफावते, मग खाज सुटते आणि पापुद्रे निघतात. त्यामुळे कोंडा असेपर्यंत रात्रभर तेल मुरवणं बंदच ठेवा.

औषधाच्या दुकानात २ टक्के केटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा, शाम्पू मिळतो. तो आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे लावायचा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: केसांना फेस केला की लगेच डोकं धुऊन मोकळे! केस ओले करून भांग पाडत पाडत बोटांच्या पेरांनी शाम्पू टाळूलाच लावा, कानांमागेही लावा, आणि ५ मिनिटं तसाच राहू द्या. नखं अजिबात नकोत. कोंडा गेल्यावरही आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा लावत राहा, नाहीतर तो परततो.

लिंबू चोळू नका, खाजवून सोललेल्या टाळूची नुसती आग होते. मेथीच्या लेपाने गार वाटतं, हवा तर लावा, पण बुरशीवर भिस्त शाम्पूचीच.

शाळकरी मुलांचं डोकं खाजत असेल तर आधी उजेडात बसवून कानांमागे बघा. पांढरा कण सहज सुटला तर कोंडा, केसाला घट्ट चिकटून बसला तर लिख. तिचा उपाय वेगळा.

महिनाभरात फरक पडला नाही, जाड खपल्या धरल्या किंवा केस जाऊन चट्टे दिसू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.