मुलांसोबत काम सुरू करणाऱ्या ओटींसाठी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे): पेगबोर्डपाशी थांबू नका

पहिल्या नोकरीत सर्वांत जास्त थकवतो तो पालकांचा प्रश्न. ते दारातच विचारतात, "किती दिवसांत होईल?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं. सिनिअर लोकांकडेही नसतं, फक्त ते तसं सांगायला घाबरत नाहीत. तेवढं धैर्य तुम्हालाही येईल.

आता मुद्द्याचं. ग्रिप कमी दिसली की आपण पेगबोर्ड (खुंट्या खोचायची भोकांची पाटी) काढतो, पुट्टी (हाताने मळायचा मऊ गोळा) काढतो. मूल खुंट्या भराभर लावू लागतं, रिपोर्टमध्ये प्रगती दिसते, आणि घरी शर्टाची बटणं अजून आईच लावते. पेगबोर्डवर कमावलेलं कसब आपोआप शर्टापर्यंत पोचत नाही. यात मीही बराच काळ रुतले होते, म्हणून जरा लांबण लावते.

बटण शिकवायचं तर बटणच हातात द्या. आधी मोठं बटण, सैल काज. शर्ट शक्यतो मुलाच्या अंगावरच असू द्या, कारण टेबलावर पसरलेल्या शर्टावर मनगट वेगळ्याच कोनात वळतं आणि नजरही वेगळ्या दिशेने जाते. बटण अर्ध्याहून जास्त तुम्ही काजातून बाहेर काढून ठेवा, मुलाने फक्त चिमटीत धरून ओढायचं. ते जमलं की पुढच्या वेळी थोडं कमी बाहेर काढा. शेवटची पायरी आधी, मग तिच्या अलीकडची. यात प्रत्येक वेळी काम मुलाच्याच हातून पुरं होतं, आणि तो आनंद त्याला पुन्हा हात घालायला लावतो. हे सुरू करण्याआधी एकदा खाली वाका आणि पाय बघा. पाय लोंबकळत असतील तर खाली स्टूल द्या. तोल सावरायला एक हात खुर्चीला धरून बसलेलं मूल दोन हातांचं काम कसं करणार?

हे माझं एकटीचं मत नाही. आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी 2013 साली सेरेब्रल पाल्सीवरच्या (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींत येणाऱ्या अडचणींवरच्या) उपचारांचा आढावा घेतला आणि सिग्नलच्या लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत त्यांची विभागणी केली. ठरवलेल्या उद्दिष्टावर थेट सराव, दोन्ही हातांचं प्रशिक्षण आणि होम प्रोग्रॅम (घरी करायचा सराव) हिरव्यात, म्हणजे पुराव्याने परिणामकारक ठरलेल्यांत, आले. उद्दिष्ट ठरवायला सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) ही मुलाखतीवर आधारलेली मोजणी वापरा. महत्त्व, कामगिरी आणि समाधान यांना मूल किंवा पालक 1 ते 10 गुण देतात. कामगिरी किंवा समाधान 2 गुणांनी वाढलं तर तो बदल सहसा दखल घेण्याजोगा मानतात.

शॉर्टकटबद्दल स्पष्टच बोलते. शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सेसमागे धावू नका. वजनदार जॅकेट सरसकट प्रत्येक चंचल मुलाला घालणं म्हणजे उपचार नव्हे, त्यामागचा पुरावा कमकुवत आहे. त्यापेक्षा चांगला मेंटॉर शोधा. माझी कसोटी एकच: ती व्यक्ती तुम्हाला स्वतःचं बिघडलेलं सेशन बघू देते का? फक्त यशाच्या गोष्टी सांगणाऱ्यांकडून फार काही हाती लागत नाही.

सेशनभर मूल रडलं तर खचू नका. नवी खोली, नवा माणूस, नको असलेला स्पर्श. रडणं ही त्याची भाषा आहे. त्या दिवशी काम कमी करा, ओळख वाढवा. पण दर सेशनला रडत असेल तर मुलाला दोष देऊ नका, तुमची योजना बदला.

होम प्रोग्रॅममध्ये दहा व्यायामांचा कागद कधीच देऊ नका. दमलेल्या घरात तो फ्रिजवर चिकटून राहतो आणि आईच्या मनात अपराधीपणा वाढवतो. एकच काम द्या, रोज होणाऱ्या गोष्टीला जोडून: शाळेतून आल्यावर युनिफॉर्मचं सर्वांत खालचं बटण मूल काढेल, बाकीची आई काढेल. पुढच्या वेळी "केलं का?" असं विचारू नका. "कुठे अडलं?" असं विचारा, म्हणजे खरं उत्तर मिळतं आणि पुढचं सेशन त्यावरच आखता येतं.